सरस्वतीबाईंची चादर

नाशकात दर तिसऱ्या घरात एक शॉर्टफिल्म शिजत असते, आणि त्याचा दोष नाशिककरांना देता येत नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर बिऱ्हाड नाशिकला घेऊन आले आणि १९४४ साली इथेच गेले. एवढं झाल्यावर गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पाण्याला थोडा फिल्मचा वास येणारच.

पूर्वी मी लग्नांचं शूटिंग करायचो. एवढ्या भांडवलावर कॉलनीतली पोरं मला तज्ज्ञ समजतात. “काका, फुल फ्रेम घेऊ की क्रॉप?” गोष्ट काय आहे विचारलं, तर “ती होईल हो!” मिसळीचा दुसरा रस्सा येईपर्यंत सेन्सरवर वाद चालतो. कथेची पाळी ताक आल्यावर येते, आणि तोवर सगळ्यांना झोप आलेली असते.

माझं मत विचाराल तर कॅमेरा भाड्याने आणा, नाहीतर उसना. पैसे घालायचेच तर जड ट्रायपॉडवर घाला. गंगापूर धरणावरचा वारा हलका ट्रायपॉड उभा राहू देत नाही. दुसरे पैसे आवाजावर. रामकुंडावर नायिका रडत असताना मागे घंटा, भोंगा, फुगेवाला आणि “ओ दादा, कुठल्या चॅनलवर दिसणार?” हे सगळं एकदम येतं. माइक नटाच्या छातीशी लावा. कॅमेऱ्यावरचा माइक फुगेवाल्याला नायक करतो. ट्यूबलाइटखाली शूट असेल तर शटर पन्नासावर किंवा शंभरावर. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, दुसरा आकडा धरलात तर चित्रावर पट्टे फिरू शकतात. आणि श्रावणात त्र्यंबकला जाऊन आलात की लेन्स पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तांदळात पुरू नका. बुरशीऐवजी पिठी मिळेल.

ही झाली किरकोळ माहिती. खरी गोम निराळी आहे.

फाळके १९१२ साली विलायतेला गेले आणि विल्यमसन कॅमेरा पसंत करून आले. हे प्रत्येक पोराला पाठ असतं. परत आल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राला तारामतीसह स्मशानात नेलं नाही, हे मात्र कुणाला आठवत नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली आणि ती दाखवून भांडवल मिळवलं. चाचणी अशी असावी. घरातल्या घरात, आणि तारीख न बदलणारा नट घेऊन.

त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. कडेची भोकं अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा. एका फुटाला एका कडेला ६४ भोकं. दोन्ही कडा धरल्या तर हिशेब पावणेपाच लाखांच्या घरात जातो. वाया गेलेली फिल्म वेगळीच. शिवाय युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणंही त्यांच्याकडेच.

आता भोकं पाडायची नसतात, पण ते अंधारातलं काम गेलेलं नाही. शंभर मेगाबिटने शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात. रात्री सगळे पाथर्डी फाट्यावर जेवायला गेले की कुणीतरी एकट्याने बसून कार्ड उतरवायचं असतं. तीन प्रती करायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवायची, प्रत्येक क्लिप उघडून बघायची आणि मगच कार्ड पुसायचं. दुसरं घर सराफ बाजारात असेल तर हार्डडिस्क निदान दुतोंड्या मारुतीच्या डोक्याहून उंच ठेवा. गंगेचा पूर आम्ही त्याच्या अंगावरच मोजतो.

या कामाला मात्र माणूस मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पाच जणांच्या युनिटात तीन दिग्दर्शक, एक सिनेमॅटोग्राफर आणि एक ‘क्रिएटिव्ह’ असतो. दादासाहेब व्हायला सगळे तयार. चादर धरायची वेळ आली की हात दुखतात. एका युनिटात मात्र एक मुलगी होती. चादर धरायची, वडापाव मोजून आणायची, रात्री कार्डं उतरवायची, आणि कुठला शॉट कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे तोंडपाठ सांगायची. श्रेयनामावलीत तिचं नाव ‘विशेष आभार’मध्ये आलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

परवा तिने स्वतःची फिल्म सुरू केली. कॅमेरा उसना, नट शेजारचे आजोबा, शूटिंग घराच्या गच्चीवर. जुन्या तीन दिग्दर्शकांपैकी दोघांना तिने चादर धरायला बोलावलंय. त्यातल्या एकाचा काल रात्री मला फोन आला. “काका, चादर कोणत्या ब्रँडची घेऊ?”