मध्ये गरम, कडा गार

तुमच्या सोसायटीतही एक नाना असतीलच. वय पन्नाशी आणि साठीच्या मध्ये कुठेतरी, मुलगी परदेशात, हप्ते फिटलेले, गुडघे अजून शाबूत आणि डोक्यात एकच खूळ. कुणाला सायकलचं, कुणाला मॅरेथॉनचं, कुणाला गच्चीवरच्या सेंद्रिय भेंडीचं. आमच्या नानांना ट्रॅक डेचं लागलं. ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी घेऊन खऱ्याखुऱ्या रेस ट्रॅकवर जायचं, फी भरायची, कुणाशीही शर्यत न लावता दिवसभर गोल गोल फिरायचं आणि घरी यायचं. वहिनी म्हणाल्या, "त्यासाठी चेन्नईला कशाला जायला हवं? रविवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडला पार्किंग शोधा, तेच होतं."

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. दोन-तीन हात फिरून आलेली पोर्शे केमन, दोन सीटची. आली त्या दिवशी मंडळींनी हौसेने पुढचं बॉनेट उघडायला लावलं, तर आत सामान ठेवायची जागा! "नाना, घेताना नीट बघून घेतली होती ना?" तळमजल्यावरच्या काकांनी हळूच विचारलं. इंजिन सीटांच्या पाठीमागे असतं हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला, आणि पटल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावरची कीव काही गेली नाही.

तक्रार आहे ती बंदुकीची. करोनात मॉलच्या दारात कपाळावर रोखायचे, तसलीच तापमान मोजायची बंदूक नानांनी टायरसाठी मागवली. त्यामागचं शास्त्र चोख आहे. ट्रॅकवर टायर तापतो, तापला की आतली हवा फुगते, प्रेशर वाढतं. म्हणून निघताना हवा थोडी कमी ठेवायची. किती कमी, ते टायरलाच विचारायचं. फेऱ्या मारून आल्यावर टायरच्या पट्ट्यावर तीन ठिकाणी बंदूक रोखायची: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्ये गरम आणि कडा गार असतील तर हवा जास्त. कडा गरम आणि मध्य गार, तर हवा कमी.

एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले! ट्रॅक डे होता एप्रिलात आणि बंदूक आली जानेवारीत. मधले तीन महिने तिला खाद्य हवं होतं. चहाचा कप ओठाला लावावा, तर समोरून लाल ठिपका कपात. "एकाहत्तर. थांब जरा." भाजीवाल्याच्या टोमॅटोवर ठिपका. लिफ्टच्या दारावर ठिपका. सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष तावातावाने बोलत असताना त्यांच्या टकलावर ठिपका फिरत होता. आतली कड, मध्य, बाहेरची कड. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "छत्तीस. तापलेत असं वाटतं, पण नाहीत."

होळीला नानांकडे पुरणपोळी होती. पहिली पोळी ताटात पडली, तूप सुटलं, मी हात घालणार तेवढ्यात नानांनी तीन ठिकाणी मोजमाप केलं आणि गंभीर चेहऱ्याने निदान सांगितलं, "मध्ये अठ्ठ्याहत्तर, कडेला एकसष्ट. हवा जास्त आहे."

"हवा नाही, पुरण जास्त आहे," वहिनी आतून म्हणाल्या. "आणि प्रेशर माझं वाढलंय. ते मोजा."

बंदुकीने त्यांना एकदाच दगा दिला. गॅसवरच्या लखलखीत स्टीलच्या पातेल्यावर रोखली, आकडा आला अडतीस. नानांनी विश्वासाने पातेलं उचललं आणि जे ओरडले ते सी विंगपर्यंत ऐकू गेलं. चकचकीत धातू उष्णता फार कमी बाहेर फेकतो, उलट आजूबाजूचंच प्रतिबिंब दाखवतो, म्हणून बंदूक फसते. दुसरा माणूस शहाणा झाला असता. नानांनी बोटाला मलम लावलं आणि वहिनींच्या सगळ्या पातेल्यांना वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचा एकेक चौकोन डकवला. काळ्यावर आकडा बरोबर येतो. आजही त्या घरी दूध तापतं ते काळा टिळा लावलेल्या पातेल्यात.

मग ब्रेक ऑइल. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू २३० अंशांच्या वर असतो. पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पाणी मुरलं की आकडा १५५च्या आसपास उतरतो. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला ब्रेक दाबून दाबून ते तापतं, उकळतं, नळीत बुडबुडे होतात आणि ऐन वळणावर पेडल तळाला जातं. म्हणजे ऑइल बदलायलाच हवं, आणि बदलताना नळीतली हवा काढायलाच हवी. हे काम दोघांचं असतं. एक गाडीखाली, एक ब्रेकवर. परिणामी एका रविवारी सकाळी साडेसातला आमच्या पार्किंगमधून संवाद ऐकू येऊ लागले.

"दाब!"

"दाबलं!"

"धरून ठेव!"

"धरलंय हो!"

"आता सोड! अगं, मी सांगितल्यावर सोड! आत हवा घेतलीस ना!"

"तुम्हीच म्हणालात सोड!"

चार चाकं, प्रत्येक चाकाला हे दहा-पंधरा वेळा. तिसऱ्या चाकापर्यंत वॉचमन खुर्ची घेऊन बसला होता आणि बाल्कन्या भरल्या होत्या. चौथ्या चाकाला वहिनी गाडीतून उतरल्या, शांतपणे म्हणाल्या, "तीन चाकांवर थांबता येत असेल तर बघा," आणि वर गेल्या. उरलेलं पेडल वॉचमनने दाबलं. त्याने एकदाही चूक केली नाही, हे नाना अजून सांगतात. वहिनींसमोर नाही.

गाडीची तयारी होत आली तशी स्वतःची सुरू झाली. सीट अशी लावायची की खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडलं पाहिजे. म्हणून जेवायला बसल्यावरही नाना खांदे टेकवून मनगट ताटाच्या पलीकडच्या काठावर ठेवून बघत. हेल्मेटची सवय व्हावी म्हणून बातम्या हेल्मेट घालून पाहत. चष्मेवाल्यांची यात निराळी कसरत असते: आधी चष्मा काढायचा, मग डोकं आत कोंबायचं, मग एकेक काडी कानशील आणि फोम यांच्या फटीतून चाचपडत सरकवायची. एकदा काड्या सरकवता सरकवता बेल वाजली. दार उघडल्यावर कुरिअरच्या पोराने पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि ओटीपी न घेता पळाला.

शेवटचा अंक गाडी रिकामी करण्याचा. ट्रॅकवर गाडीत सुटी वस्तू चालत नाही. जोरात ब्रेक लागला की बाटली पेडलखाली गेलीच. पायपुसण्या निघाल्या, छत्री निघाली, टोलसाठी साठवलेली चिल्लर निघाली, 'उरलेला अर्धा' म्हणून ठेवलेला पार्ले-जीचा पुडा निघाला. हात डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे गेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बाप्पा सुटी वस्तू आहे का?"

सोसायटीच्या इतिहासात नाना पहिल्यांदाच निरुत्तर झालेले पाहिले. शेवटी तोडगा निघाला: बाप्पा चेन्नईपर्यंत डॅशबोर्डवर, ट्रॅकवर माझ्या शर्टच्या खिशात. मला सोबत न्यायचं कारण हे होतं, असं आता वाटतं.

पुण्याच्या बाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत तोच रस्ता श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नेतो. मद्रास इंटरनॅशनल सर्किट तिथेच. साडेअकराशेच्या आसपास किलोमीटर नानांनी ऐंशीने गाडी नेली. प्रत्येक स्पीडब्रेकरला तिरकी घालून, मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. जेवायला थांबलं की टायर, मग सांबार. बेळगावच्या पुढे मी बंदूक सीटखाली लपवली. नानांकडे दुसरी होती.

ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा. सकाळी माहितीसत्र: पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सगळं बंद, हळू परत या. आजूबाजूला पंचविशीतली पोरं, नानांच्या गाडीच्या दुप्पट किमतीच्या गाड्या. एकाची पायपुसणी जागेवर, एकाच्या दारात लिटरची बाटली. पहिल्या फेऱ्यांनंतर नाना आले. हँडब्रेक लावला नाही, कारण ब्रेक तापलेले होते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली पुण्याहून आणलेली वीट सरकवली आणि बंदूक काढून टायरपाशी बसले. पोरं हसली. एकाने फोटो काढला.

दुपारपर्यंत चित्र पालटलं. कुणाची गाडी वळणावर घसरत होती, कुणाचं ब्रेक पेडल मऊ पडलं होतं. "अंकल, माझे टायर बघता का?" रांग लागली. नाना उकिडवे बसून प्रत्येकाचे तीन-तीन आकडे वाचत होते: "मध्ये गरम, कडा गार. दोन पीएसआय काढ." मग एका पोराच्या चाकाला त्यांनी सहज टॉर्क रेंच लावला. ठरलेला जोर आला की रेंच 'कट्ट' बोलतो. घट्ट बोल्टला तर लावता क्षणी बोलतो. या बोल्टला बोललाच नाही. पाव फेरा, अर्धा फेरा, जवळजवळ पाऊण फेऱ्याला कट्ट झालं. शेजारचा बोल्टही तसाच. हाच मुलगा सकाळपासून सरळ पट्टीवर सगळ्यांना मागे टाकत होता. त्याचा चेहरा उतरला. नानांनी उरलेली तीन चाकंही तपासली, रेंच डब्यात ठेवला आणि म्हणाले, "चहा घेणार?" चहा आला. त्यावर बंदूक रोखली नाही.

हे लिहिणं जिवावर येतंय, पण त्या दिवशी तिथे खरी तयारी असलेला माणूस एकच होता.

शेवटच्या सत्राला बरीच पोरं थकून बसली होती, ट्रॅक मोकळा होता. तोवर नानांनी मागून येणाऱ्या प्रत्येकाला इमानदारीने वाट दिली होती. आता सरळ पट्टीवर सहा सिलिंडरचा आवाज चढत चढत आला आणि मी कठड्यावरून पाहिलं, तर गाडी एकाच रेषेत वळणात शिरली आणि तशीच बाहेर पडली, कुठे धक्का नाही, कुठे धडपड नाही. इथला ट्रॅक व्हायच्या आधी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. त्यांचे फोटो नाना कॉलेजात असताना मासिकातून कापून ठेवत आणि लूनावरून डेक्कनला येत. हे त्यांनी मला वेल्लोरजवळ सांगितलं होतं; तेव्हा मला झोप येत होती.

उतरल्यावर मी विचारलं, "नाना, टायमिंग किती?"

"लावलं नव्हतं."

पोळीच्या कडा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या फेरीला घड्याळ लावलं नव्हतं! वर म्हणाले, "बाप्पा दे."

परतीच्या रस्त्यावर मला खरा ट्रॅक दिसला. साताऱ्याच्या अलीकडे डावीकडून एकशेतीसने गेलेला गृहस्थ एका हाताने मोबाइल बघत होता आणि टायर इतके गुळगुळीत की नानांना मोजायला काही शिल्लकच नव्हतं. खंबाटकीत वळणावर ओव्हरटेक, समोर टेम्पो, मागे पूर्ण कुटुंब, मांडीवर पोर. इथे माहितीसत्र नाही, झेंडे नाहीत, हेल्मेट तर पोलीस दिसला तरच. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, हे सरकारी आकडे आहेत. पण आपल्याकडे वेडा कोण? तर तीन महिने तयारी करून, फी भरून, मोकळ्या ट्रॅकवर जोरात गाडी चालवणारा. आणि घरी येताना ऐंशीच्या वर न जाणारा. त्याच्या फोटोवर हसायचं.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांचा मुलगा नवीन लायसन्स आणि वडिलांची हॅचबॅक घेऊन मित्रांसोबत महाबळेश्वरला निघाला. गेटपाशी नानांनी अडवलं. गाडी बाजूला घेतली, जमिनीवर बसले, गेज काढलं. मित्र आतून हॉर्न वाजवत होते. एका टायरमध्ये हवा फारच कमी निघाली. नानांनी पंप लावला. मुलगा घड्याळ बघत, निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "नाना, चेन्नईला ट्रॅकवर स्पीड किती काढलात हो?"

नानांची नजर गेजच्या काट्यावर. "बत्तीस," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की नाना रेस ट्रॅकवर बत्तीसने फिरून आले. लिफ्टमध्ये पोरं खिदळतात, तळमजल्यावरच्या काकांना तर इंजिन खरंच नव्हतं याची खात्री पटली आहे. नानांनी खुलासा केलेला नाही, करणारही नाहीत. मुलगा मात्र चारही टायरमध्ये बत्तीस-बत्तीस घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी रात्री धडधाकट परत आला. गेटमधून आत येताच नानांनी त्याच्या टायरवर लाल ठिपका टाकला.