कबूल केलेली काथवट

लाकडाचं भांडं कातायला शिकायला जाताना आधी कुणाला काही कबूल करू नये. मी आत्याला काथवट कबूल केली होती. भाकरीचं पीठ मळायची ऐसपैस लाकडी काथवट तिच्या माहेरी होती. पुढे स्टीलच्या परातीनं तिला माळ्यावर धाडलं. "तूच करणार?" असं आत्यानं विचारलं, त्यातला 'च' मला तेव्हा कौतुकाचा वाटला.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबे, केळी, काजू असे मांडलेले असतात की भाव विचारावा की चव, कळत नाही. तिथल्या फळांनी चढलेला हुरूप घेऊन मी एका मेस्त्रींच्या कारखान्यात दाखल झालो. काथवटीचं नाव काढताच ते म्हणाले, "ती कोरतत. लेथीर वाडगो करा." पटाशी हातात येण्याआधीच माल एका मापानं लहान झाला.

ओल्या आंब्याचा गोल ठोकळा लोखंडी चकतीला स्क्रूंनी आवळून मेस्त्रींनी लेथवर चढवला. बटण दाबण्याआधी हातानं एक फेरा फिरवून तो टेकूला कुठे घासत नाही ना, ते पाहिलं. मग मला बाजूला सरकवलं. ठोकळा सुटलाच तर समोरच्यावरच येतो म्हणे. ही माहिती शिकवणीच्या पैशांत धरलेली होती.

गोल पटाशीची धार एकदम लाकडाला लावायची नसते. आधी धारेमागचा उतार टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलायची. उसने पैसे मागणारा आधी तब्येतीची चौकशी करतो, तसं. मी थेट पैसेच मागितले. धाड्! पटाशी रुतली, हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि काठाची एक ढलपी भिंतीवर जाऊन आपटली.

"काठ जरा जाडच होता," मी म्हणालो.

मेस्त्रींनी काही न बोलता मोडलेला काठ कातून सारखा केला. वाडग्याची वाटी झाली.

त्यानंतर मात्र जमलं. मूठ उचलली आणि पटाशीच्या पन्हाळीतून लाकडाची ओलसर, लांबलचक फीत सळसळत बाहेर आली, मनगटावरून घसरून पायाशी पडली. चष्म्यावर आंब्याच्या रसाचे तुषार उडाले. हापूसचा नव्हे, खोडाचा. पण मी तो कृतार्थ भावानं पुसला.

मग आतून पोखरणं. फिरत्या लाकडाचा काठ सर्रकन धावतो आणि मधोमध गती जवळजवळ शून्य. त्या शांततेत मला फारच बरं वाटलं, म्हणून मी तिथेच रेंगाळलो. बूड पातळ होत गेलं की लाकडाचा आवाज बदलतो. मेस्त्रींना तो पाठमोरं असताना कळला आणि ते ओरडले, "बस!" यंत्राच्या घरघरीत मला ऐकू आलं, "मस्त!" उत्तेजन मिळाल्यावर कोण थांबतो?

लेथ बंद केला तेव्हा वाटीतून पलीकडची चकती दिसत होती. माझ्या कामावर आजवर पुष्कळांनी बिनबुडाचे आरोप केले. बिनबुडाचा पुरावा प्रथमच तयार झाला. जमिनीवर मात्र पोतंभर भुसा साठला होता. तो गोळा करताना मेस्त्री मनापासून म्हणाले, "बंबाक बरो."

ते कडं मी आत्याकडे घेऊन गेलो. वाटेत 'आधुनिक शिल्प' वगैरे शब्द जुळवले होते, त्यांची गरजच पडली नाही. तिनं ते हातात फिरवलं, ओट्यावर ठेवलं आणि त्यावर तांब्याची गोल बुडाची कळशी टेकवली. एरवी डुगडुगणारी कळशी गप्प बसली.

"अगदी मापाचं केलंस रे! दुसऱ्या कळशीला अस्संच आणखी एक कर."

आता आली पंचाईत. हुबेहूब पहिल्यासारखं दुसरं काढणं ही मुरलेल्या कारागिराची कसोटी. माझ्यासारख्या नवशिक्याकडून आत्यानं एवढी अपेक्षा तरी का करावी?