दावं सोडण्याची रीत : नवशिक्यांसाठी

तारांवर उडणारं मॉडेल विमान रेडिओवर आणायचं, तर सर्वप्रथम त्याच्या कीटचा एक जुना खोका मिळवा. अमेरिकेच्या स्टर्लिंग कंपनीचा ‘रिंगमास्टर’ मिळाला तर उत्तम. १९५०च्या सुमारास मॅट कॅनिआ यांनी आखलेलं, ४२ इंच पंखांचं हे विमान. खोका कधीच न उघडलेला घ्या. तसा तो महाग पडतो, पण आतलं बहुतेक सगळं टाकायचंच आहे, तर निदान भारी माल टाकल्याचं समाधान मिळेल.

आत बाल्साच्या पातळ फळ्या निघतील. त्यांवरचे भाग ठशाने कापलेले आहेत, असं कंपनी म्हणायची. खरं तर बऱ्याच ठिकाणी लाकूड नुसतं चेंगरलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत ते वाळून ठिसूळ झालेलं. भाग सुटे करायला जाल तर हातात भुसा येईल. म्हणून सगळे आकार कागदावर गिरवा, ताजा बाल्सा आणा, त्यातून कापा. कीटचं रूपांतर सुरू झालं; कीट मात्र परत खोक्यात गेलं.

आता हे विमान उडायचं कसं, ते समजून घ्या, म्हणजे काय काय मोडायचं ते कळेल. उडवणारा मधोमध उभा, विमान त्याच्याभोवती गोल फिरणार. हातात मूठ, मुठीपासून साधारण ६० फूट लांब दोन पोलादी तारा, त्या पंखातल्या बेलक्रँक नावाच्या तरफेला जोडलेल्या, आणि तिथून दांडी शेपटीच्या एलिव्हेटरला. वर किंवा खाली, एवढंच हातात. इंजिनाला थ्रॉटल नाही. टाकी संपली की उतरायचं. पोर्टलंडच्या जिम वॉकरने १९४०च्या आसपास तारांवरचं ‘फायरबॉल’ विकायला काढलं, तेव्हा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचं जड आणि महाग धूड होतं. दोन तारांत काम भागवणारा माणूस आपल्यापेक्षा हुशार होता, हे इथे नमूद करून पुढे जाऊ.

तार सैल पडली की ताबा गेला. म्हणून विमान सतत बाहेर ओढ घेईल असंच बांधलेलं असतं, दाव्याला बांधलेल्या वासरासारखं. उजव्या टोकाला शिसं, रडर उजवीकडे वळवलेलं, इंजिनही किंचित उजवीकडे. बऱ्याच कीटमध्ये तारांकडचा डावा पंख थोडा लांबच. तारा काढून असंच सोडलंत तर ते उजवीकडे वळत दिसेनासं होईल. तेव्हा रडर सरळ करा, इंजिनाच्या जागी येणारी मोटर सरळ बसवा, पंख सारखे करा, शिसं काढा.

पंख सपाट आहेत, टोकांना वर उचललेले नाहीत. त्यामुळे नुसत्या रडरवर ते नीट वळणार नाही. पंखाची मागची कड कापून एलेरॉन करा, आत दोन सर्व्हो बसवा. एलिव्हेटरची हालचाल मात्र कमी करा. ती गिरक्यांसाठी ठेवलेली आहे, तुमच्यासाठी नव्हे.

इंजिनाच्या जागी ब्रशलेस मोटर आली की इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास गेला. याची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मग बॅटरी. रिंगमास्टरचा सांगाडा म्हणजे अर्धा इंच जाडीची फळी; आत ठेवायला ‘आत’ असं काही नाहीच. बॅटरी बाजूलाच लटकणार. १९० ग्रामची बॅटरी मध्यापासून ३ सेंटिमीटर डावीकडे बांधली, तर उजव्या टोकाला साधारण ११ ग्राम वजन लागतं. मघाशी काढलेलं शिसं फेकलं नसेल, अशी आशा आहे.

राहता राहिलं उड्डाण. तारांचं विमान घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, म्हणून सरळ उड्डाणात उडवणाऱ्याला त्याची डावी बाजूच दिसते. उजवी कशी रंगवली, हे प्रेक्षकांना ठाऊक. रेडिओचं विमान मात्र तोंड करून अंगावर येतं, आणि मग तुमची उजवी ती त्याची डावी. उपाय सोपा आहे : जो पंख खाली झुकेल, त्याच बाजूला स्टिक ढकला. हे पाठ असणारेही आयत्या वेळी उलटं ढकलतात. म्हणून पहिलं उड्डाण उंच गवताच्या मैदानावर करावं, आणि तेही तारांवर उडवणारी जुनी मंडळी घरी गेल्यावर.