कठीणवादी

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांत एक जात अशी आहे, जिला कोणताही डंजन आपल्या लायकीचा सापडत नाही. या माणसाला आपण कठीणवादी म्हणू. गेम 2004 च्या नोव्हेंबरात आला तेव्हापासून आपण आत आहोत, हे तो कुणी विचारण्याआधीच सांगतो. त्याच्या मते तेव्हा गेम कठीण होता, म्हणून न्याय्य होता. पुढे ब्लिझार्ड कंपनीने रडणाऱ्यांचं ऐकलं आणि लूट प्रसादासारखी वाटायला काढली. 'आमच्या वेळी' हे शब्द तो ज्या थाटात उच्चारतो, तो थाट पेन्शनरांनाही साधत नाही. नीट कान देऊन ऐकलं की त्याच्या न्यायाचं माप कळतं. त्याला जे जमत नाही तो 'बग', सहज जमतं तो पोरखेळ, आणि त्याला जमून शेजाऱ्याला जमत नाही तेवढंच काय ते संतुलित.

त्याचा ठेवणीतला पुरावा म्हणजे मोल्टन कोअर. चाळीस माणसं घेऊन तिथल्या रॅग्नरॉस या बॉसला पाडायचं, आणि गेम आल्यावर कित्येक महिने तो जगात कुणालाच पडला नव्हता. पुरावा वजनदार आहे. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये ब्लिझार्डने जुना गेम 'क्लासिक' म्हणून पुन्हा उघडला आणि याच रॅग्नरॉसचा निकाल आठवड्याच्या आत लागला. पाडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पात्रं साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलला पोचलीही नव्हती. कठीणवादी म्हणतो, तेव्हा टॅलेंट सुधारलेले होते आणि एकेक चाल सगळ्यांना तोंडपाठ होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मग मुळात कठीण काय होतं? एक, माहिती नसणं. दोन, चाळीस जणांना एकाच वेळी खुर्चीत बसवणं, तेही त्यातल्या निम्म्यांच्या घरी पानं वाढलेली असताना. चाळीस वऱ्हाडी वेळेवर बसमध्ये चढवणाऱ्याला आपण कष्टाळू म्हणतो, शूर म्हणत नाही. आणि त्याच सुवर्णयुगातला क्थून हा बॉस? कंपनीने दुरुस्ती करेपर्यंत तो पडतच नव्हता. त्याचा विषय निघाला की आपला माणूस पाणी प्यायला उठतो.

मला विचाराल तर बॉस किती जोरात मारतो यावरून डंजन न्याय्य की अन्याय्य ते ठरत नाही. हरल्यावर का हरलो ते कळतं का, आणि ते सुधारणं आपल्या हातात उरतं का, एवढंच पाहावं. आणि हे हातात उरणं बरंचसं सोबत कोण आहे यावर अवलंबून असतं. 2009 च्या डिसेंबरात गेममध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबायचं, मार झेलणारा एक टँक, एक हीलर आणि डॅमेज करणारे तिघे असे पाच अनोळखी जीव निरनिराळ्या सर्व्हरवरून गोळा होतात. तेव्हाचे डंजन सोपे होते, त्यामुळे वर्षभर मंडळी तोंड न उघडता पळत सुटायला शिकली. मग 2010 च्या डिसेंबरात 'कॅटॅक्लिझम' हे एक्सपान्शन आलं आणि त्यातले हिरोइक डंजन अचानक शिस्त मागू लागले. याची मेंढी करा, त्याचा बेडूक करा, तिसऱ्याला हात लावू नका, हीलरचा माना बघा. स्टोनकोअरमधला ओझ्रुक तर कळसच होता. तो सगळ्यांना जागच्या जागी गोठवायचा आणि मग जीवघेणा फटका द्यायचा. सुटकेचा मार्ग असा, की त्याची ढाल मंत्र परतवते, तेव्हा हळूहळू चटके देणारा एखादा मंत्र मुद्दाम तिच्यावर मारून स्वतःवर उलटवून घ्यायचा. चटका बसला की गोठलेला माणूस मोकळा होतो. गिल्डमधल्या दोस्तांना व्हॉइस चॅटवर हे दोन मिनिटांत सांगून होतं, वर हसूही येतं. चार परक्यांसाठी तेच टाइप करेपर्यंत दोघे ग्रुप सोडून गेलेले असतात आणि तिसरा टाइप करणाऱ्यालाच किक करायचं मत मागत असतो.

2011 च्या जानेवारीत गेमचे प्रमुख सिस्टिम्स डिझायनर ग्रेग स्ट्रीट यांनी लांबलचक लेख लिहून या कठीणपणाची बाजू मांडली. कठीणवाद्याने त्याची पारायणं केली. मात्र लवकरच कंपनीने एक छोटासा बदल केला: फाइंडरमधून अनोळखी लोकांबरोबर जाणाऱ्यांना जे जादा बळ मिळायचं, ते वाढवलं. कठीणवाद्याच्या लेखी ही शरणागती. पण हे बळ कुणाला मिळालं ते पाहा. गिल्डचे पाचच्या पाच जण मिळून गेलेल्यांना त्यातलं काही नव्हतं. दुखणं बॉसचं कमी आणि सोबतीचं जास्त आहे, हे कंपनीला उमगलेलं दिसतं.

यावर त्याचं उत्तर तयार असतं: नाचता येईना, अंगण वाकडं! लोकांनी शिकायला नको का? शिकायला हवं, आणि सोप्या डंजनांनी वर्षभर कुणाला काही शिकवलं नाही हा त्याचा राग मला पटतो. पण अपात्रांना अडवायला जे दार बसवलं होतं, त्याचीही गंमत होती. हिरोइकमध्ये शिरायला सरासरी आयटम लेव्हल 329 लागायची, आणि त्या हिशेबात अंगावर न चढवता नुसतं पिशवीत ठेवलेलं गिअरही धरलं जायचं. चार भारी वस्तू मिळवून झोळीत टाकल्या की माणूस कागदोपत्री पात्र. असे लोक मेले तर मरू देत, म्हणतो कठीणवादी. बरं, मरू देत. पण त्यांच्याबरोबर जो सरळमार्गी हीलर मेला, त्याने कुठला धडा घ्यायचा?

खरं तर त्याचं गाऱ्हाणं 2016 मध्येच मिटायला हवं होतं. त्या वर्षी 'लीजन' या एक्सपान्शनमध्ये कीस्टोनवाले मिथिक डंजन आले: डोक्यावर घड्याळ, आणि जिंकाल तसतशी वर चढत जाणारी लेव्हल. हवं तितकं कठीण घ्या, कुणी अडवत नाही. पण तो आजही कुरकुरतोच, कारण खालच्या लेव्हलच्या कीवाल्यांनाही बऱ्यापैकी गिअर मिळतं. यावरून मला शंका येते, की त्याला कठीणपणा कधी हवाच नव्हता, हवा होता तो बाहेर ताटकळणारा जमाव.

'कॅटॅक्लिझम'च्या मूळ गोष्टीतला एक तपशील राहिला. टँक कमी पडत होते, त्यामुळे डॅमेजवाल्यांना रांगेत तास-तासभर तिष्ठावं लागायचं. तेव्हा 2011 च्या एप्रिलमध्ये कंपनीने रांगेत एकट्याने उभ्या राहणाऱ्या टँकला एक थैली बक्षीस द्यायला सुरुवात केली. तिच्यात सोनं, रत्नं आणि नशीब असेल तर दुर्मीळ माउंट. कठीणवादी बहुधा टँकच असतो. त्या दिवसांत तो तोवर सोपे होऊन गेलेले तेच हिरोइक डंजन एकामागून एक उरकत होता, चार अनोळख्यांना घेऊन, त्यांच्याशी अवाक्षर न बोलता. आणि थैलीत माउंट निघालं नाही, हा त्याच्या लेखी अन्याय होता.