हाकेच्या अंतरावर

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी गादीवरून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, ते 1886 साली. आमच्या थिबाला आमच्या चिरंजिवांनी पुण्याच्या फ्लॅटमधून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, ते गेल्या पौषात. राजाचा गुन्हा राजकीय होता. आमच्या थिबाने सोसायटीच्या सेक्रेटरींचा सोफा खाल्ला होता.

"दोन महिन्यांत घेऊन जातो, बाबा," असं सांगून चिरंजीव परत गेले. राजालाही कोणी असंच काही सांगितलं होतं का, कोण जाणे. त्याच्यासाठी बांधायला घेतलेला राजवाडा 1910च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे तो इथे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. सरकारी बांधकामाची गती तेव्हाही हीच. पुढे 1916 साली राजा इथेच वारला. हा इतिहास मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला असल्यामुळे 'दोन महिने' हे शब्द ऐकताच मी पिल्लाचं नाव ठरवून टाकलं. आई मात्र रागावली. "राजाचं नाव कुत्र्याला देतात होय रे?" आठ दिवसांनी तीच ओटीवरून "राजे, चला जेवायला" म्हणू लागली.

पिल्लू गोल्डन रिट्रीव्हर जातीचं. ही जात मूळची स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या उमरावाने 1868 साली आपला नूस नावाचा पिवळा कुत्रा आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री यांची जोडी जमवली, तिथून हा वंश सुरू झाला. काम एकच. मालकाने बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यात पडो की झुडपात, दाताची खूण न उमटू देता तो तोंडात धरून आणायचा. रिट्रीव्ह म्हणजे परत आणणे. आता रत्नागिरीत लॉर्ड नाही, आणि आमच्या घरात बंदूक सोडाच, अंडंही येत नाही. थिबाने जे होतं त्यावर भागवलं. नारळाची सोडणं आणली, करवंट्या आणल्या, न्हाणीतला तांब्या आणला, पाखाडीवरून कोणाची तरी एक वहाण आणली. वैशाखात त्याने शेजारच्या भाऊंच्या आगरातला हापूस आणायला सुरुवात केली.

भाऊंच्या आणि आमच्या आगरांमध्ये चिऱ्याचा गडगा आहे. तो नक्की कोणाच्या जमिनीत, हा वाद दोन्हीकडच्या वडिलांनी तब्येतीने चालवून आमच्या हवाली केलेला. त्या गडग्यावरून थिबा रोज एकेक आंबा आणून आमच्या पायरीवर ठेवी. मी दोन आंबे परत करायला गेलो, तेव्हा भाऊंनी ते चष्मा लावून सगळ्या बाजूंनी पाहिले. साल शाबूत, देठ शाबूत.

"कुत्रा शिकवलेला दिसतो," भाऊ म्हणाले.

हा आरोप खरा असता, तर मी तो अभिमानाने कबूल केला असता. कारण थिबा सगळं आणत होता, फक्त स्वतःला आणत नव्हता. मी "थिबा, ये" म्हटलं की तो धावत यायचा आणि आठ फुटांवर थांबायचा. तिथे बसून, मान तिरकी करून, तोंडातल्या आंब्यामागून माझ्याकडे पाहायचा. मी एक पाऊल पुढे टाकलं की तो दोन पावलं मागे. हाकेच्या अंतरावर असणं म्हणजे काय, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. मी बत्तीस वर्षं हजेरी घेतलेली. शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा, मनाने कुठेही असला, तरी तोंडाने 'हजर' म्हणायचा. इथे शरीर समोर आणि हजर म्हणायला कोणी नाही.

दोष थोडा मराठीचाही आहे. आपल्याकडे जाताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आमच्या ओटीवर दिवसाला चारपाच माणसं येतात. त्यातला प्रत्येक जण उठताना "बरंय, येतो" म्हणतो आणि बेड्यातून बाहेर पडून दिसेनासा होतो. पिल्लाने काय समजायचं? त्याच्या शब्दकोशात 'ये' म्हणजे चालू लाग. त्यात घरात हाकांचा एकच सूर नाही. आई म्हणणार "राजे", सौभाग्यवती म्हणणार "ए सोन्या, इकडे बघ", भाऊ गडग्यापलीकडून "यू यू यू", आणि चिरंजीव व्हिडिओ कॉलवरून "कम, थिबा, कम!" त्या शेवटच्या हाकेवर थिबा फोनच्या मागे जाऊन पाहायचा. तिथे चिरंजीव नसत.

शेवटी मी पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना गाठलं. त्यांनी पंधरा मिनिटं काहीच केलं नाही, नुसता माझा आणि थिबाचा तमाशा पाहिला.

"सर, तुम्ही याला बोलावता कशाला?"

"कशाला म्हणजे? यायला."

"आल्यावर काय करता?"

मी विचारात पडलो. सवयीप्रमाणे वही केली आणि आठवडाभर प्रत्येक हाक टिपून ठेवली. एकूण हाका 43. त्यातल्या अंघोळीसाठी किंवा गोचीड काढायला 17, साखळी अडकवायला 11, तोंडातली वस्तू काढून घ्यायला 9, औषध पाजायला 6. गंमत म्हणून एकही नाही. सौभाग्यवतींनी ती वही चाळली आणि न बोलता मिटली. स्वयंपाकघरात शिरता शिरता म्हणाल्या, "अहो, पुण्याला करता त्या फोनांचीही एक वही घाला."

हवालदारांचं म्हणणं असं, की 'ये' हा शब्द आता नासला. नासलेल्या दुधाला पुन्हा विरजण लावत बसू नये, नवा शब्द घ्यावा. घरात एकच शब्द, सगळ्यांचा तोच, आणि हाक एकदाच. दहादा ओरडलं, तर कुत्रा अकराव्याची वाट पाहतो. गळ्याला तीस फुटी दोर लावायचा, पण तो ओढायचा नाही, नुसता असू द्यायचा. कुत्रा येत नसेल तर त्याच्यामागे धावायचं नाही, कारण तो त्याचा आवडता खेळ. आपण उलट दिशेला पळायचं. कितीही उशिरा आला तरी रागवायचं नाही. खाऊ द्यायचा आणि लगेच मोकळा सोडायचा.

"मोकळा सोडायचा? मग बोलावलं कशाला?"

"तेच तर, सर. वीस वेळा बोलवा, एकोणीस वेळा सोडा. विसाव्याला बांधलंत तरी तो हिशोब धरत नाही."

राहता राहिला खाऊ. मी बिस्किटाचा पुडा काढला. हवालदारांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "सर, समोर समुद्र, वर कावळे, वाळूत कुर्ल्या. ते सोडून बिस्किटाला तुम्ही तरी याल का? सुकट घ्या. बिनमिठाची."

सुकट! ज्या घरात लसणीवर चातुर्मासात चर्चा होते, त्या घरात! आईने ऐकून घेतलं, थिबाकडे पाहिलं आणि निकाल दिला : डबा विहिरीपलीकडच्या रिकाम्या गोठ्यात राहील, हात विहिरीवरच धुवायचे, आणि या विषयावर घरात बोलायचं नाही. मी टोपी कपाळावर ओढून मिरकरवाड्याला जाऊन पाव किलो आणली. विकणारी बाई माझीच विद्यार्थिनी निघाली. "सर, तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि मूठभर जास्त घातली. नवा शब्दही आपोआप ठरला. जे द्यायचं तेच ओरडायचं.

पहिले पंधरा दिवस अंगणात बरे गेले. त्यानंतर आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. खाडीवरचा पूल ओलांडला की उजवीकडे लांबच लांब वाळू आणि तिच्या कडेने सुरूचं बन. सकाळी साडेसहाची वेळ. थिबा दोरासकट ओहोटीच्या पाण्यात घुसला आणि कुठल्याशा मेलेल्या माशाच्या नादी लागला. मी नियमाप्रमाणे एकदाच, पण खणखणीत आवाजात हाक दिली, "सुकट!"

फिरायला आलेले दोन गृहस्थ थांबले. "कशी दिलीत?" त्यातल्या एकाने विचारलं.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि नियम दुसरा : पाठ फिरवून पळत सुटलो. वय 66, पायात वहाणा, लेंग्याच्या खिशात वास मारणारी पुडी. थिबाने मागे पाहिलं, मासा टाकला आणि कान उडवत माझ्यामागे झेपावला. आता बाकीच्या किनाऱ्याला काय दिसलं? एक निवृत्त शिक्षक जिवाच्या आकांताने सुरूच्या बनाकडे धावतोय आणि मागे दोर तोडून आलेला कुत्रा. "सर, झाडावर चढा!" असा एक आवाज आला; तोही बहुधा माझाच विद्यार्थी. एकाने ओली वाळू उचलली. दुसऱ्याने नारळाची झावळी. मी धापा टाकत खाली बसलो, थिबा माझ्या मांडीवर आदळला आणि माझं तोंड चाटू लागला. मी त्या अवस्थेत खिशात हात घालून त्याला सुकट भरवताना पाहून गर्दी अधिकच गोंधळली. पण तो आला होता. आठ फूट नाही, चार नाही, थेट अंगावर.

पावसाळ्यात त्याला मिसरूड फुटली. या वयात कुत्रा शिकलेलं सगळं विसरतो, असं हवालदारांनी बजावलंच होतं, आणि त्याने ते अक्षरशः पाळलं. आषाढात पुन्हा दोर, पुन्हा अंगण, पुन्हा श्रीगणेशा. ते सगळं सांगत बसत नाही. देवळात भाऊ शेजारी उभे राहून नाक वर करून इकडेतिकडे पाहू लागले की मी प्रदक्षिणेला निघायचो.

भाद्रपदात चिरंजीव आले. कोकणातल्या माणसाला बोलावण्याची ताकद फक्त गणपतीत आहे आणि त्याच्या हातात मोदक असतात, ही गोष्ट हवालदारांच्या शास्त्रात चपखल बसते. पाच दिवस थिबा त्यांच्या मागेपुढे होता. "दोन महिने" हा विषय कोणीच काढला नाही. गौरी गेल्या आणि सहाव्या दिवशी सकाळी चिरंजीव बॅग घेऊन ओटीवर आले. आजीला नमस्कार केला आणि म्हणाले, "बरंय आजी, येतो."

पायरीवर एकच बूट होता. दुसरा बेड्यापाशी थिबाच्या तोंडात, अलगद, एक दातही न लावता.

"थिबा! कम! कम हिअर! थिबा, ड्रॉप!"

थिबा आठ फुटांवर बसला. चिरंजीव एक पाऊल पुढे गेले, तो दोन पावलं मागे. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिवून ठेवल्यासारखा गप्प होतो. आईनेच खुर्चीतून मान वर केली आणि माजघरातल्या गौरीच्या पाटाकडे पाठ करून एकदाच, हलक्या आवाजात म्हणाली, "सुकट."

थिबा निघाला तो सरळ ओटीवर आला. बूट आईच्या पायाशी ठेवला, तिचा हात हुंगला, तो रिकामा निघाला तरी चाटला. मी विहिरीकडे धावलो, डबा उघडला, त्याला देणं दिलं, आणि हवालदारांनी सांगितल्याप्रमाणे लगेच मोकळा सोडला.

तो पायरीवर गेला आणि दुसरा बूट घेऊन भाऊंच्या गडग्याकडे निघाला.

"जेवूनच जा आता," आई म्हणाली.