मंत्री व्हायचंय? आधी मतदारांना विचारून या

मंत्रिपद मिळवायला काय काय लागते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९०८ सालच्या विलायतेत मात्र एक भलतीच गोष्ट लागत असे : मतदारांची परवानगी. निवडून आलात? आलो. पक्षाला बहुमत आहे? आहे. मंत्री झालात? झालो. छान, मग तुमची खासदारकी गेली. मतदारसंघात जा, पुन्हा उभे राहा, पुन्हा निवडून या.

हा कायदा १७०७ सालचा. राजाकडून पगारी पद घेतले की माणूस राजाचा मिंधा होतो, असा तेव्हाच्या मंडळींचा समज होता. आपल्याकडे अधूनमधून आमदारांची झोप उडवणारे ‘लाभाचे पद’ याच घराण्यातले. खुद्द राजाला मात्र या कारभाराची फारशी तोशीस नव्हती. १९०८ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान व्हायचे होते आणि सातवे एडवर्ड फ्रान्समध्ये बियारिट्झच्या किनाऱ्यावर हवा खात होते. राजाने सुट्टी मोडायची म्हणजे काय! अ‍ॅस्क्विथच उठून तिकडे गेले आणि राजाच्या हाताचे चुंबन घेऊन पंतप्रधान होऊन परतले.

मग खातेवाटप झाले. लॉईड जॉर्ज व्यापार खात्यातून अर्थ खात्यात गेले. त्यांना पोटनिवडणूक नाही, कारण एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसणाऱ्याला १८६७ पासून माफी होती. राजाचे मिंधेपण पहिल्याच खुर्चीला चिकटते, दुसरीला नाही, असा काहीतरी शास्त्रीय शोध लागला असावा. त्यांची रिकामी झालेली खुर्ची मिळाली तेहतीस वर्षांच्या विन्स्टन चर्चिलना. मंत्रिमंडळातली त्यांची ही पहिलीच, तेव्हा मतदारांकडे जाणे भाग होते. मतदारसंघ होता वायव्य मँचेस्टर.

एरवी अशा वेळी विरोधक सभ्यपणे बाजूला होत आणि मंत्री बिनविरोध परत येई. पण चर्चिल यांच्यासाठी हुजूर पक्षाने राग राखून ठेवला होता. १९०४ साली हे गृहस्थ त्यांचेच खासदार असताना सभागृहात शिरले आणि सरळ समोरच्या लिबरल बाकांवर जाऊन बसले. विमान नाही, रिसॉर्ट नाही, झाडी-डोंगार नाही. चार पावलांत पक्षांतर पुरे. इतक्या कमी खर्चातला विश्वासघात विसरणे कुठल्याही पक्षाला जड जाते.

हुजूर पक्षाने उभे केले विल्यम जॉइन्सन-हिक्स या वकिलांना. १९०६ साली चर्चिलनी त्यांनाच १,२४१ मतांनी पाडले होते. मधल्या दोन वर्षांत सरकारने एक उद्योग करून ठेवला होता. दारूची दुकाने कमी करायचे विधेयक आणले होते आणि त्यात पबमध्ये पेले भरून देणाऱ्या बायकांच्या नोकरीवर गदा येईल असे कलम घातले होते. साहजिकच दारूवाले हुजूर पक्षाच्या मागे गेले. त्यांचा उमेदवार, म्हणजे आमचे वकीलसाहेब, चौदाव्या वर्षी शपथ घेऊन बसलेले. आयुष्यात थेंबाला शिवणार नाहीत असे. निवडणुकीत तत्त्व आणि पिंप यांचे असे जमून जाते.

त्या बायकांच्या बाजूने कवयित्री ईव्हा गोर-बूथ मैदानात उतरल्या आणि त्यांच्या भगिनी काउंटेस मार्किएव्हिच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत मँचेस्टरभर फिरल्या. गर्दीतल्या कुणी तरी विचारले, बाई, स्वयंपाक येतो का? येतो, त्या म्हणाल्या, तुम्हाला चौघोडी हाकता येते का? असे सांगतात. शिवाय मताधिकार मागणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या अनुयायी होत्याच. मत मिळेपर्यंत सरकारी उमेदवार दिसेल तिथे पाडायचा, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे त्या निवडणुकीत रस्त्यावर राबत होत्या बायका, ज्यांना मत नव्हते. ज्यांना मत होते ते पुरुष स्वयंपाकाची चौकशी करत होते.

एच. जी. वेल्स यांनी समाजवाद्यांनाही चर्चिलनाच मत द्या असे वर्तमानपत्रातून सांगितले. समाजवादी उमेदवार डॅन अर्व्हिंग उभे असतानाच! अर्व्हिंगना २७६ मते पडली. अनामत जप्त झाली नाही, कारण अनामत नावाची वस्तू विलायतेत १९१८ साली आली. २४ एप्रिलला निकाल लागला : जॉइन्सन-हिक्स ५,४१७, चर्चिल ४,९८८. नवा व्यापारमंत्री ४२९ मतांनी घरी.

घरी कसला! निकाल ऐकून चर्चिल चालत क्लबात पोचतात तो तार हजर : डंडीहून लिबरलांचे एकमुखी आमंत्रण. तिथल्या जागेवर त्यांचाच माणूस होता, तो लॉर्डांच्या सभागृहात जाऊन जागा मोकळी करून देणार होता. मँचेस्टरने नाही म्हटले, तर स्कॉटलंडला विचारू. मतदारांची परवानगी लागते; कुठल्या मतदारांची, हे कायद्यात नव्हते. डंडीत त्यांच्याविरुद्ध एडविन स्क्रिमजर उभे राहिले, कारण सरकार दारू पुरेशी बंद करत नाही! मँचेस्टरात दारूवाले, डंडीत दारूबंदीवाले. ९ मे रोजी चर्चिल ७,०७९ मते घेऊन निवडून आले. स्क्रिमजरना ६५५. पण स्क्रिमजर दर वेळी उभे राहत गेले आणि १९२२ साली त्यांनीच चर्चिलना पाडले.

सगळ्यांनाच डंडी सापडत नाही. १९१४ साली चार्ल्स मास्टरमन मंत्री झाले, लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये २४ मतांनी पडले, मग इप्सविचमध्ये जाऊन पडले आणि १९१५ साली राजीनामा देऊन मोकळे झाले. १९१९ मध्ये कायद्याचे दात पाडले, १९२६ मध्ये तो गाडला. तेव्हा मंत्रिमंडळात हुजूर पक्षात परतलेले चर्चिल होते आणि गृहमंत्री म्हणून जॉइन्सन-हिक्सही. शेजारी शेजारी.

१९०८ च्या त्या धांदलीत एक मंत्री मात्र निवांत होते. जॉन मोर्ले, हिंदुस्थानमंत्री. अ‍ॅस्क्विथ यांच्या त्याच फेरबदलात ते लॉर्ड होऊन वरिष्ठ सभागृहात गेले, जिथे मतदार येत नाहीत. व्यापार सांभाळायला मँचेस्टरच्या दहा हजार मतांची विचारपूस. जवळपास तीस कोटींचा देश सांभाळायला कुणालाच नाही. मँचेस्टर आणि डंडी यांच्या मधल्याच पंधरवड्यात, ३० एप्रिलला, मुझफ्फरपूरला बाँब पडला. त्यावर ‘केसरी’ने लिहिले, जूनमध्ये टिळकांना अटक झाली. खटला मोर्ले यांना फारसा रुचला नव्हता, पण त्यांची रुची मुंबईपर्यंत पोचली नाही. जुलैत मात्र एका मतदानाकडे सारी मुंबई डोळे लावून होती. मुंबई हायकोर्टात नऊ ज्युरर बसले होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल लागला सात विरुद्ध दोन.