पन्हाळा हँग झालाय

लॅबवाल्या दादांसमोर क्लोनिंगचं कौतुक करू नका. ते कोणीही करतं, असं त्यांचं मत आहे. एका मशीनवर उबुंटू नीट बसवायचं, जीसीसी, पायथन, मायएसक्यूएल टाकायचं, पेन ड्राइव्हवरून तैवानकरांचं क्लोनझिला चालू करायचं आणि चहाला जायचं. कॉलेज उघडायच्या आत अख्ख्या लॅबची मशीनं तयार. "आता खरं काम," म्हणत दादा कानामागचं पेन काढतात. कारण त्या क्षणी लॅबमधल्या सगळ्या मशीनचं नाव एकच असतं: मास्टर.

हुद्दा लॅब असिस्टंट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात स्क्रूड्रायव्हर, एसीचा रिमोट स्वतःच्या ताब्यात. पोरं एरवी 'दादा' म्हणतात, सबमिशनच्या आठवड्यात 'सर'.

नाव न बदलल्याने जग बुडतं का, असं नव्या मॅडमनी एकदा विचारलं. दादांनी त्यांना प्रिंटरची नोंदवही दाखवली. कोणीतरी लॅबच्या प्रिंटरवर बहिणीच्या लग्नाचा बायोडेटा चाळीस प्रतींत छापला होता. कोणत्या मशीनवरून? मास्टर. आणि सकाळी कोणी छापलं? मास्टर. मुलीची उंची, गोत्र, रास सगळं कळलं, चोर तेवढा कळला नाही.

पूर्वी दादांनी मशीनना किल्ल्यांची नावं दिली होती. रायगड, तोरणा, प्रतापगड. लॅबला नुसता जोर चढला होता. पण कमिटी तपासणीला आली आणि नेमका मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "दादा, पन्हाळ्यातून बाहेरच पडता येत नाहीये!" बिचारा व्हिममध्ये अडकला होता. दादा तिकडे न बघताच म्हणाले, "मग विशाळगडावर जाऊन बस." कमिटीतले गृहस्थ हसले, एचओडी सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: यापुढे नावं विभाग, लॅब, क्रमांक या क्रमाने, मध्ये अंडरस्कोर. दादांनी नम्रपणे सांगितलं, होस्टनेममध्ये अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, अंडरस्कोर नाही. "माझ्या एक्सेलमध्ये चालतो," सर म्हणाले. शेवटी कागदावर अंडरस्कोर आणि मशीनमध्ये हायफन असा तह झाला. दोन्ही पक्ष आपणच जिंकलो असं समजतात.

दादांचं प्रत्यक्ष काम मात्र बघण्यासारखं. 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' टाइप करून पुढे नाव. शिकाऊ पोरगं एवढ्यावर उठतं. लगेच 'सुडो' कुरकुरतो की हा होस्ट मला सापडत नाही. "अरे बाळा, गॅझेटात नाव बदललं, रेशन कार्ड कोण बदलणार?" असं म्हणून दादा ईटीसीमधली 'होस्ट्स' फाइल उघडतात आणि १२७.०.१.१ च्या ओळीतला जुना मास्टर खोडतात. मग मशीन-आयडीची फाइल रिकामी करतात, म्हणजे पुढच्या बूटला नवा आयडी तयार होतो. एसएसएचच्या जुन्या होस्ट-किल्ल्या उडवून नव्या करतात. सगळ्या मशीनला एकच किल्ली हे ज्याच्या कमरेला जुडगा आहे त्या माणसाला सहन होणं शक्यच नाही.

हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये होईल, असं दरवर्षी अंतिम वर्षाचा कोणीतरी हुशार मुलगा सुचवतो. दादा त्याला हाताला धरून मशीनच्या मागे नेतात. तिथे कॅबिनेटवर पिवळ्या ऑइलपेंटने डेडस्टॉक नंबर रंगवलेला असतो, आणि ऑडिटला मशीनचं नाव त्याच्याशी जुळावं लागतं.

"तुझ्या स्क्रिप्टला ऑइलपेंट वाचता येतो का?"

खिडकीजवळच्या मशीनवरचा शेवटचा आकडा पुसलाय. तो एक की सात, यावर स्टोअरशी पत्रव्यवहार चालू आहे. निकाल लागेपर्यंत दादांनी त्याचं नाव 'लोकलहोस्ट' ठेवलंय.